नोंदवहीतला माणूस रंगमंचावर : ‘बुधन थिएटर’ची नाटके आणि चित्रपट

नट आणि चोर या दोन शब्दांना आपल्या समाजव्यवस्थेने फार पूर्वीपासून शेजारी बसविले आहे. जो गावकुसात राहत नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, जो आज इथे आणि उद्या पलीकडच्या शिवारात पाल ठोकतो, त्याने खेळ करून दाखवला की त्याच्यापुढे दोन पैसे टाकायचे. आणि रात्री कुणाची कोंबडी गेली की सकाळी त्याच्याच पालावर चालून जायचे, ही गावगाड्याची रीत. डोंबारी, गारुडी, कैकाडी, पारधी, कुणालाही विचारा. इंग्रज सरकारने या रीतीला कायद्याचे रूप दिले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि माणूस गुन्हा केल्याने नव्हे, तर अमुक जमातीत जन्मल्याने गुन्हेगार ठरू लागला. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ साली तो साऱ्या देशाला लागू करण्याची सोय झाली. मग हजेरी आली, पास आला, बोटांचे ठसे आले, तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. सोलापूरच्या एका भागाला लोक अजूनही ‘सेटलमेंट’ म्हणतात, त्या शब्दामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावर ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरविलेल्या जमाती या तिघांना एकत्र उभे केले आहे, आणि ज्या संस्कृतीने हे तीन वर्ग निर्माण केले तिला संस्कृती म्हणावे काय असा सवाल टाकला आहे. आपल्या चळवळीने यातल्या पहिल्या वर्गाचा प्रश्न प्राणपणाने लढवला. तिसऱ्या वर्गाकडे आपले लक्ष उशिरा गेले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले तेव्हा आपल्यापैकी अनेकांना प्रथमच कळले की आपल्या वस्तीच्याही पलीकडे एक वस्ती आहे.

या लेखाचा विषय मात्र आत्मकथन नाही. विषय आहे त्या तिसऱ्या वर्गाने स्वतः उभी केलेली एक फिरती नाट्यसंस्था. अहमदाबादच्या छारानगर या वस्तीतील ‘बुधन थिएटर’. दलित रंगभूमीची चर्चा आपण आपसात पुष्कळ करतो. पण ती बहुधा मराठी संहितांपाशी थांबते. गुजरातेत १९९८ पासून जे चालले आहे त्याची दखल कार्यकर्त्यांनी आणि नाटक शिकवणाऱ्या शिक्षकांनी घ्यावी, असे मला वाटते. त्याचे कारण केवळ सहानुभूतीचे नाही. नाटक आणि कॅमेरा या दोन साधनांचा या लोकांनी ज्या हेतूने वापर केला, तो हेतू आपल्या चर्चेत अजून नीट आलेला नाही.

छारा ही सांसी-कंजर गटातली जमात. त्यांची आपसातली बोली भांतू. इंग्रजी अमलात अहमदाबादेत त्यांची वसाहत झाली, आणि कायदा गेल्यावर वसाहतीच्या आसपासच ते राहिले. जाणार कुठे? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून भटके-विमुक्त तो दिवस विमुक्तिदिन मानतात. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत आले आणि पोलीस ठाण्याची नजर होती तिथेच राहिली. नोकरीच्या अर्जावर छारानगरचा पत्ता लिहिला की अर्ज बाजूला. दारूबंदीच्या गुजरातेत काही घरांनी दारू गाळली, काहींनी छोट्यामोठ्या चोऱ्या केल्या. हे ते स्वतः लपवत नाहीत, आणि नाटकातही लपवत नाहीत. त्याच वस्तीतून वकील निघाले, पत्रकार निघाले, राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत पोहोचलेले नट निघाले. पण पोलिसांच्या गाडीला हे वेगवेगळे लोक वेगळे दिसत नाहीत.

१९९८ च्या मार्च महिन्यात महाश्वेता देवी बडोद्याला आल्या. त्यांचे तिथले व्याख्यान आणि गणेश देवी यांच्याशी झालेला विचारविनिमय यांतून भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी एक कृती गट उभा राहिला. आपले लक्ष्मण गायकवाड त्याच्या संस्थापकांत होते. म्हणजे या कामाच्या पायात मराठी दगडही आहे. छारानगरात एक ग्रंथालय उघडले गेले. तिथे वस्तीतली तरुण पोरे जमू लागली. या पोरांनी पुस्तके वाचून नाटक करायचे ठरवले.

त्या सुमाराला बंगालमधल्या एका मृत्यूची हकीकत त्यांच्यापर्यंत आली. पुरुलिया जिल्ह्यातील अकरबाईद गावचा बुधन सबर, खेडिया सबर जमातीचा. ही जमातही १८७१ च्या कायद्याच्या यादीतली. १९९८ च्या फेब्रुवारीत तो बायकोला सायकलवर बसवून चालला होता. बडाबाजार येथे पानाच्या दुकानापाशी थांबला असता पोलिसांनी त्याला उचलले. आठवड्याभरात तो कोठडीत मेला. आत्महत्या केली, असे सांगण्यात आले. गावातल्या सबरांनी काय केले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी प्रेत जाळले नाही. ते घरात पुरून ठेवले आणि गवताचा पुतळा जाळला, कारण फेरतपासणी होईल तेव्हा पुरावा हवा. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांना पुराव्याची किंमत ठाऊक होती. महाश्वेता देवींच्या पुढाकाराने सबरांची समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली, आणि त्याच वर्षी न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला व बुधनच्या पत्नीला भरपाई देण्याचा आदेश दिला.

या न्यायनिवाड्याच्या कागदांतून छारानगरच्या पोरांनी ‘बुधन’ हे नाटक उभे केले. पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, विमुक्तिदिनी, त्यांच्याच वस्तीत झाला. संस्थेचे नावही त्यावरूनच आले. दक्षिण बजरंगे हे तिचे प्रमुख लेखक-दिग्दर्शक.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सबर आणि छारा यांच्यात काय समान आहे? भाषा नाही. अन्न नाही. देव नाही, सोयरीक नाही, प्रदेश नाही. एक पूर्वेच्या रानातला, दुसरा पश्चिमेच्या गिरणीशहरातला. दोघांना जोडणारी वस्तू एकच, एक रद्द झालेला कायदा. जातीने माणसे तोडलेली आपण पाहिली. इथे जुलमाच्या कायद्याने ज्यांना एका यादीत घातले त्यांनी ती यादीच आपले नाते म्हणून स्वीकारली. छारा नट सबराचा मृत्यू स्वतःच्या अंगावर घेतो, याचा अर्थ मला असा दिसतो. प्रस्थापित समीक्षक याला ‘भूमिकेशी तादात्म्य’ म्हणून मोकळे होतील. पण तादात्म्य हा फार सौम्य शब्द आहे. कोठडीतली मारहाण त्यांच्या घरातल्या कुणी ना कुणी भोगलेली आहे.

प्रयोगाचे तंत्र साधे आहे. नेपथ्य नाही, पडदा नाही, प्रकाशयोजना असलीच तर रस्त्यावरचा दिवा. नटांची शरीरेच भिंत होतात, गज होतात, दार होतात. बादल सरकार यांच्या तिसऱ्या रंगभूमीचे संस्कार त्यावर आहेत. सरकारांचे ‘भोमा’ही त्यांनी केले. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी इतके जवळ असतात की लाठी उगारली की पुढच्या रांगेतले मूल मागे सरकते. शेवटी नट थेट प्रेक्षकांकडे वळून विचारतात की आम्ही या देशाचे दुय्यम नागरिक आहोत काय. मी हा प्रयोग प्रथम पाहिला तेव्हा या प्रश्नानंतर टाळ्या पडायला बराच वेळ लागला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हेच लोकांना कळेना. नाटकानंतर टाळी हा आपला शिष्टाचार. पण समोर उभा असलेला इसम नट आहे की फिर्यादी?

नट आणि चोर यांच्या शेजाराबद्दल वर लिहिले. छारांनी या शेजाराचा स्वीकार करून तो उलटा केला आहे. ते सांगतात, आमचे पूर्वज वेष पालटत, हातचलाखी करत, पोलिसापुढे उभ्या उभ्या गोष्ट रचत. अभिनय आमच्या रक्तात आला तो पोटासाठी. म्हणजे ज्या कौशल्याला राज्याने गुन्ह्याचे लक्षण म्हटले, त्यालाच हे लोक कला म्हणून पुढे ठेवतात. यात अभिमान आहे, आणि थोडा उपहासही आहे. मला व्यक्तिशः ‘रक्तात’ हा शब्द खटकतो. १८७१ चा कायदा करणाऱ्यांचेही म्हणणे हेच होते की गुन्हेगारी यांच्या रक्तात आहे. रक्ताचा सिद्धान्त गुन्ह्यासाठी खोटा असेल तर कलेसाठीही खोटाच. बाबासाहेबांच्या विचारावर वाढलेल्या माणसाने हे स्पष्ट बोलले पाहिजे. अभिनय त्यांच्या परिस्थितीत होता, तालमीत होता, आणि तालीम तर ते आजही रोज करतात.

‘बुधन’नंतर त्यांनी बारामतीकडे पाहिले. १९९८ च्याच जून महिन्यात पिन्या हरी काळे हा पारधी बारामतीत पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. पुरुलियात जे घडले त्यानंतर चार महिन्यांनी आपल्या घरात घडले. त्याच्या मृत्यूवर या मंडळींनी हिंदीत नाटक केले. पुढे वस्त्या पाडण्यावर ‘बुलडोझर’ आले, बिरसा मुंडांवर ‘उलगुलान’, महाश्वेता देवींच्या कथेवरून ‘चोली के पीछे क्या है’, पोलिसांच्या मारझोडीवर ‘मुझे मत मारो साब’. ज्याँ जेने या फ्रेंच नाटककाराचे ‘बाल्कनी’ त्यांनी छारानगरात आणून आपल्या वस्तीवर बसवले. जेने स्वतः चोरीसाठी तुरुंगात गेलेला लेखक. विद्यापीठातल्या रंगभूमीने त्याचे प्रयोग पुष्कळ केले असतील, पण त्याला आपला माणूस म्हणून ओळखणारे प्रेक्षक त्याला कुठे मिळाले असतील तर ते इथे.

आता दुसऱ्या साधनाकडे वळतो. डिजिटल कॅमेरा स्वस्त झाला आणि या नाटकवाल्यांच्या हातात आला. आधी कॅमेरा त्यांच्याकडे बाहेरून आला होता. पी. केरिम फ्रीडमन आणि शाश्वती तालुकदार यांनी २००५ साली या संस्थेवर ‘ॲक्टिंग लाइक अ थीफ’ हा छोटा अनुबोधपट केला, आणि २०११ साली ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ हा पूर्ण लांबीचा. दुसऱ्या चित्रपटाला मानववंशशास्त्रज्ञांच्या वर्तुळात ज्याँ रूश पुरस्कारही मिळाला. परंतु या लोकांनी फक्त दुसऱ्याच्या चित्रपटात दिसण्यावर समाधान मानले नाही. दक्षिण बजरंगे स्वतः अनुबोधपट करू लागले. कच्छच्या लहान रणात मीठ पिकवणाऱ्या अगरियांवर त्यांनी चित्रपट केला. भटक्या-विमुक्तांच्या इतिहासावर आणि कलांवर ‘बर्थ १८७१’ केला. या दुसऱ्या नावातच सगळे आले. माणसाची जन्मतारीख म्हणजे कायद्याची तारीख.

मग २०१७ साली त्यांचा ‘समीर’ हा हिंदी कथापट चित्रपटगृहांत लागला. बॉम्बस्फोटांच्या तपासात पोलीस एका निरपराध विद्यार्थ्याला कसे वापरून घेतात, हा त्याचा विषय. मोहम्मद झीशान अय्यूब त्यात मुख्य भूमिकेत होते. परीक्षण मंडळाने ‘मन की बात’ हे दोन-तीन साधे शब्द संवादातून काढायला लावले, याची त्या वेळी वर्तमानपत्रांत चर्चा झाली. चौकात खेळ करणाऱ्याला परीक्षण मंडळ नसते, फक्त हवालदार असतो. चित्रपटगृहाच्या वाटेवर दोन्ही भेटतात.

नाटकवाल्याने चित्रपट का करावा, असे एका मित्राने मला विचारले. त्याचे म्हणणे असे की पथनाट्य ही चळवळीची गोष्ट आणि चित्रपट ही बाजाराची. हे मत मला अर्धेच पटते. नाटकाचा प्रयोग ज्या चौकात होतो त्या चौकातच तो संपतो. पाहणारे शंभर-दोनशे, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे काही उरत नाही. चित्रपट दिल्लीत जातो, परदेशी विद्यापीठात जातो, इंटरनेटवर एखाद्या खेड्यातल्या मुलाच्या हातातल्या मोबाईलवर येतो. जिथे छारानगरच्या माणसाला भाड्याने खोली मिळत नाही तिथे त्याचा चेहरा पोहोचतो. पण नेमके इथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. या जमातींचे चेहरे राज्याने फार आधीपासून टिपून ठेवले आहेत. बोटांच्या ठशांवर आधारलेले कार्यालय पोलिसांनी १८९७ साली कलकत्त्याला उघडले, आणि जगातले ते पहिले मानले जाते. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या जमातींचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. म्हणजे भद्रलोकांचे कौटुंबिक फोटो भिंतीवर लागत होते, त्या काळात या लोकांची पहिली ‘प्रतिमा’ ठाण्यातल्या नोंदवहीत पडत होती. ज्या समाजाची नोंद नेहमी दुसऱ्यानेच ठेवली, त्याने स्वतःची नोंद स्वतःच्या कॅमेऱ्याने ठेवणे, याला बाजार म्हणता येणार नाही.

माझा मित्र जी दुसरी अर्धी गोष्ट म्हणतो ती मात्र खरी. कॅमेऱ्यापुढे नट एकटा पडतो. चौकात त्याच्यामागे वस्ती उभी असते. चुकला तर पोरे हसतात, रडला तर म्हातारी पदर डोळ्याला लावते. पडद्यावर ते सगळे कापले जाते आणि उरते ती ‘एका गुन्हेगार जमातीच्या कलावंताची हृदयस्पर्शी कहाणी’. सुशिक्षित प्रेक्षक ती पाहून हळहळतो आणि घरी जातो. नाटकात त्याला विचारलेला तो प्रश्न, दुय्यम नागरिक कोण, पडद्यावरूनही विचारता येतो. पण पडद्याकडे पाठ फिरवणे सोपे असते. नटाच्या तोंडावर पाठ फिरवायला निदान थोडा निर्लज्जपणा लागतो. म्हणूनच, मला वाटते, चित्रपट करूनही या संस्थेने चौक सोडलेला नाही. प्रत्येक साधनाला त्यांनी वेगळे काम नेमून दिले आहे: चित्रपटाने दूरच्या माणसाला सांगायचे, नाटकाने जवळच्या पोलिसाला.

जवळचा पोलीस किती जवळ असतो, याचे प्रत्यंतर २०१८ च्या जुलैत आले. रात्रीच्या वेळी पोलिसांचा मोठा छापा छारानगरावर पडला. कारवाई दारूच्या अड्ड्यांविरुद्ध होती, असे पोलिसांनी सांगितले. घरांत घुसून मारहाण झाली, वाहने फोडली गेली, वकील आणि कलावंतही सुटले नाहीत, अशी रहिवाशांची तक्रार होती. वीस वर्षे जे नाटकात दाखवत आले ते दारात आले. फरक एवढाच की या वेळी वस्तीत कॅमेरे होते, वार्ताहर झालेली पोरे होती, कायदा शिकलेली माणसे होती. बातमी दुसऱ्या दिवशी देशभर गेली. लोकांनी दगड उचलला नाही. शांततेने मोर्चा काढला आणि निषेधालाही नाट्याचेच रूप दिले. १९९८ साली पुरुलियातल्या सबरांना पुराव्यासाठी प्रेत पुरून ठेवावे लागले होते, हे आठवले म्हणजे वीस वर्षांत काय कमावले ते दिसते. काय कमावले नाही, तेही.

आणि राज्याची नोंदवहीसुद्धा जुनी राहिलेली नाही. २०२२ साली संसदेने फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा केला. १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन त्याच्या जागी हा आला. त्यानुसार अटक झालेल्या माणसाच्या बोटांच्या, तळव्यांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बुबुळाची नोंदही घेता येते आणि ती दीर्घकाळ जपून ठेवता येते. कायद्यात जमातीचे नाव नाही, हे खरे. पण अटक कुणाला आधी होते, हे ज्या वस्त्यांना ठाऊक आहे त्यांना कायद्यात नाव असण्याची गरज वाटत नाही. माझ्या वर्गात पूर्वी एक पारधी मुलगा होता. कुणाची पेन्सिल हरवली तरी साऱ्या वर्गाच्या माना त्याच्याकडे वळत, आणि तो न बोलता दप्तर उलटे करून दाखवी. त्याला कुणी तसे करायला सांगितलेले नसे. झडती देणे त्याच्या अंगवळणी पडले होते.

विद्यार्थ्यांनी आणि तरुण कार्यकर्त्यांनी या संस्थेकडून तंत्र जरूर घ्यावे. ते फुकट मिळते आणि खर्चिक नाही. पण तंत्राआधी त्यांची पद्धत पाहावी. ते आधी कागद मिळवतात: न्यायनिवाडा, शवविच्छेदनाचा अहवाल, अर्ज, बातम्या. आपली पुष्कळ पथनाट्ये घोषणांवर चालतात. घोषणा संपल्या की नाटक संपते. ‘बुधन’ तारखांवर आणि कलमांवर उभे आहे, त्यामुळे ठाण्यासमोर केले तरी कुणाला ते खोटे म्हणता येत नाही. दुसरे असे की नाटक करणारी मंडळी ग्रंथालयही चालवतात. तालमीला येणारे पोर आधी पुस्तकाच्या कपाटाजवळून जाते. आपल्याकडे जलसे होते तेव्हा भीमराव कर्डकांच्या आणि इतरांच्या मंडळ्यांनी हेच काम वेगळ्या रीतीने केले होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार गाण्यातून आणि वगातून गेला. जलशाचा तो धागा आपण कॅसेटच्या आणि आता मोबाईलच्या गाण्यांत चालू ठेवला, पण त्यातले नाट्य मागे पडले, गाणे तेवढे उरले.

एक उणीवही सांगतो. या नाटकांची भाषा बहुतेक हिंदी आहे. देशभर फिरायचे तर तसे करावे लागते, हे समजते. पण ज्या भांतू बोलीत वस्तीची म्हातारी माणसे बोलतात, ती रंगमंचावर क्वचितच ऐकू येते. आणि जी बोली पोलिसांपासून लपवण्यासाठी जपली गेली ती प्रेक्षकांसमोर उघडी करावी की नाही, हा प्रश्न त्यांचा त्यांनीच सोडवायचा आहे.

पिन्या हरी काळेचे नाटकही हिंदीतच आहे. बारामतीच्या कोठडीतल्या मृत्यूवर अहमदाबादच्या पोरांनी नाटक लिहिले, बसवले आणि गावोगाव नेले. आपल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींची वेगळी यादी आहे, त्यांच्या नावाने आश्रमशाळा आहेत, भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भूषवून २००८ साली अहवाल देणारे बाळकृष्ण रेणके आपल्याच भूमीतले. त्या नाटकाचा मराठी प्रयोग मात्र माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही.